आडवी छडी

एकदा एका तालुक्याच्या गावात एका म्हाताऱ्या बँडमास्तरनं ठरवलं, की आता बास. त्रेचाळीस वर्षं वराती वाजवल्या, जत्रा वाजवल्या, मिरवणुका वाजवल्या. गुडघे गेले. एका कानानं कमी ऐकू यायला लागलं. एक शेवटचा कार्यक्रम बाजारतळावर करायचा आणि तिथंच, सगळ्या गावासमोर, छडी शिष्याच्या हातात द्यायची. छडी तशी साधीच. वेताची, दीड हात लांब, टोकाला पितळेची टोपी. पण त्या बँडातली बावीस माणसं तिच्याकडं बघून श्वास घ्यायची.

शिष्याचं नाव शिदा. क्लॅरिनेट वाजवायचा, आणि झकास वाजवायचा, त्यात खोटं काही नाही. पण ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. दुसरा क्लॅरिनेटवाला गणपा. साधा माणूस, दिवसा पिठाच्या गिरणीत कामाला. त्याला शिदा म्हणायचा, "गणपा, तू फुकतोस का पीठ चाळतोस रं?" गणपा हसायचा आणि आपला सूर धरायचा. उलटून बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता.

मास्तरांची एक रीत होती. वरात असली की आदल्या दिवशी बँडातला एक माणूस सगळा रस्ता पायी चालून यायचा. दारोदार थांबून विचारायचं. घरात कुणी आजारी आहे का, बाळंतीण आहे का, कुणाचं माणूस गेलंय का. मग वरात त्या दारापुढं आली की मास्तर छडी आडवी छातीला लावायचे. त्या खुणेसरशी सगळी वाद्यं गप्प. ढोल नाही, झांज नाही, नुसते पाय. दार मागं पडलं की छडी उभी, आणि जिथं सोडलं तिथनं पुढं सुरू. नवरदेवाकडचे कितीदा कावायचे. "गप चालायला बोलवलंय व्हय तुमाला?" मास्तर ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि पुढच्या अशा दारापुढं परत छडी आडवी करायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मास्तरांनी शिदाला सांगितलं, "बाजारतळाच्या चारी अंगाला एकदा फिरून ये."

"मास्तर, उद्या वरात न्हाई. एका जाग्यावर बसून वाजवायचंय."

"आवाज एका जाग्यावर बसतो व्हय?"

"बरं, येतो जाऊन," शिदा म्हणाला.

गेला नाही. क्लॅरिनेटच्या चाव्या पुसत बसला, फुकायच्या तोंडावरची नवी रीड घासत बसला. डोक्यात एकच गोष्ट. दिवेलागणीला आपली यमनातली चाल येणार. सात मिनिटं आपण एकटे वर चढणार, बाकीचे मागनं नुसता आधार देणार. आख्खं गाव बघणार, आणि ती चाल संपली की छडी. संध्याकाळी मास्तरांनी विचारलं तेव्हा बिनदिक्कत म्हणाला, "आलो फिरून. सगळं ठीक हाय."

एवढंसंच खोटं. पण ते त्याच्या तोंडातनं गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजल्यापासनं बाजारतळ भरायला लागला. बाजार समितीच्या ओट्यावर बँड बसला. बँडच्या पाठीमागं वीसेक पावलांवर घरांची एक ओळ होती, पुढं मैदानात लोक खाली बसलेले. मास्तर लोकांकडं पाठ करून, बँडकडं तोंड करून, एका लाकडी पेटीवर उभे राहिले. ती पेटी पंचवीस वर्षं त्यांच्याबरोबर होती. ते उंचावर, म्हणून बँडच्या डोक्यावरनं पलीकडची घरं त्यांना दिसायची. खाली बसलेल्यांना बँडशिवाय काही दिसत नव्हतं, आणि बँडवाल्यांची तर त्या घरांकडं पाठच होती.

पेटीवर चढायच्या आधी एकजण पाया पडायला आला. "मास्तर, माझ्या लग्नात तुम्हीच वाजवलं व्हतं."

"व्हय की. तवाच तुला अडवायला पायजे व्हतं."

त्याची बायको मागंच उभी होती, तीच सगळ्यात मोठ्यानं हसली.

पहिला तास चांगला गेला. पोवाड्याची चाल झाली, लावणीची झाली, जुन्या नाटकातलं एक पद झालं. मास्तरांचा ठेका कुठं हलला नाही. ऊन उतरलं, समोरचे चेहरे पुसट व्हायला लागले, मैदानातले दिवे लागायचे होते. मास्तरांनी छडीनं शिदाला खूण केली.

शिदा उभा राहिला, डोळे मिटले आणि यमन उचलला. काय वाजवला म्हणता! मागच्या रांगेत तंबाखू मळणाऱ्याचा हात तळव्यावरच राहिला. बँड हळूहळू खाली गेला, क्लॅरिनेट हळूहळू वर चढलं. शिदा वरच्या सुरापाशी आला. आता एक उडी, आणि तो सूर आपला.

तेवढ्यात मास्तरांनी छडी आडवी छातीला लावली.

एकवीस माणसं जागच्या जागी गप्प झाली. शिदाचे डोळे मिटलेले, त्याला कळलंच नाही. बँड थांबला तेव्हा त्याला वाटलं, मास्तरांनी मैदान मोकळं करून दिलं आपल्याला. तो एकटाच वाजवत राहिला. गणपानं बाही ओढली तेव्हा त्यानं डोळे उघडले, छडी बघितली, आणि तो वरचा सूर चिरकून खाली पडला.

मैदान शांत. कुणीतरी विचारलं, "लाईट गेली का काय?"

"लाईट गेली म्हून बँड बंद पडतो व्हय रं येड्या," दुसरा म्हणाला. थोडे लोक हसले. मग तेही थांबलं, कारण मास्तर हलत नव्हते. छडी तशीच आडवी.

शिदा रांगेतनं बाहेर पडला. तरातरा पेटीपाशी गेला. दात आवळून, लोकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "काय चुकलं माझं? सूर घसरला व्हता? ठेका सुटला व्हता? मग घरी न्हेऊन चार शिव्या द्यायच्या. अकरा वर्सं तुमच्या मागं फिरलो, आन आजच्या दिवशी चारचौघांत माझी अशी शोभा?"

मास्तरांनी एवढंच विचारलं, "काल फिरून आला व्हतास?"

"म्हनलं की आलो म्हून."

"मग मागं बघ."

शिदानं मागं बघितलं. घरांच्या ओळीतलं तिसरं घर. एसटी डेपोतला कुणी मेकॅनिक तिथं भाड्यानं राहायला आला होता, एवढंच गावाला माहीत. दाराची एक फळी लावून घेतलेली, दुसरी उघडी. आत अंधार, आणि त्या अंधारात खाली भुईवर, पिठाच्या गोल रेघेत, एक दिवा. उजेड होता तोवर तो दिसत नव्हता, दिवस बुडाला तसा दिसायला लागला. त्याच्याशेजारी एक बाई गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. देवाचा दिवा असा भुईवर नसतो. माणूस गेलं की दहा दिवस असा दिवा ठेवतात, आणि त्याच्यासाठी दार उघडं ठेवतात. आवाज सोसेना म्हणून घरातल्यांनी एक फळी लावून घेतली होती. दुसरी लावता येत नव्हती.

शिदाच्या हातातलं क्लॅरिनेट एकदम जड झालं.

पुढच्या रांगेतले चारदोन जण उठून बघायला लागले. बघितलं आणि टोपी काढून हळूच खाली बसले. गोष्ट मागं मागं सरकत गेली. कुणी कुणाला गप्प बस म्हणालं नाही, आणि आख्खा बाजारतळ गप्प झाला.

मग त्या गप्पपणात इस्माईल टेलर बसल्या जागेवरनं हलक्या आवाजात म्हणाला, "आमचे अब्बा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वरात आली व्हती. मी दारात उभा व्हतो, भांडायच्या तयारीनं. मास्तर असेच थांबले. नुस्ते पाय वाजले."

पलीकडनं एक म्हातारी बोलली, "माझ्या नातवाला दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतनं घरी आणलं त्या सांजंला बी असाच बँड थांबला. एवढंसं व्हतं, पसाभर. पोरगं दचकलं बी न्हाई. औंदा बारावीला हाय."

त्या दोघांच्या मधे बसलेला एक जाडजूड माणूस घसा खाकरून म्हणाला, "मी तर नवरदेव व्हतो, घोड्यावर. लई राग आला व्हता, खरं सांगतो. माझ्या वरातीत हे मधेच काय? पर त्या दिवशीचं एक गाणं मला आता आठवत न्हाई. गल्लीत घोड्याचे नाल तेवढे वाजत व्हते, ते आठवतंय."

शिदा ऐकत होता. अकरा वर्षांत आपण वाजवलेल्या एका तरी चालीची आठवण कुणीतरी काढेल, म्हणून त्याचे कान लागलेले होते. कुणी काढली नाही. त्याला राग येईल असं त्याला वाटलं, पण राग आला नाही. त्यानं मास्तरांकडं न बघता सांगितलं, "मी गेलो न्हवतो काल. खोटं बोललो."

"ते आत्ता कळलं मला," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात त्या घरातनं एक माणूस बाहेर आला आणि ओट्याच्या कडेला येऊन उभा राहिला. गेलेल्या मेकॅनिकचा भाऊ होता. मास्तरांना हात जोडून म्हणाला, "भाऊ गेला त्याला चार दिवस झाले. आमी परगावची मानसं, इथं ओळख न्हाई, कुणी दारात आलं न्हाई. तुमचा शेवटचा कार्यक्रम, म्हून आमी बी काय बोललो न्हाई. वहिनी म्हनती, आज आख्खं गाव दारापुढं गप बसलं. तेवढं आमाला पुरं झालं. आता वाजवा."

मास्तर सावकाश पेटीवरनं उतरले. गुडघ्यांनी दोनदा थांबवलं त्यांना. मग छडी शिदापुढं धरली.

शिदा मागं सरला. "मला नको. माझी लायकी न्हाई."

"आपली लायकी न्हाई हे आज तुला कळलंय, म्हून देतोय. काल दिली असती तर फुकट गेली असती." मास्तर जरा दम घेऊन म्हणाले, "हे बघ शिदा. वाजवणाऱ्याला लोकांची तोंडं दिसत्यात. लोकांना वाजवणाऱ्याचं तोंड दिसतं. एकमेकांकडं बघत दोघं बी खूष असत्यात. आपल्या आवाजाच्या पलीकडं कोण बसलंय, हे बघायला मधे एक माणूस उभा करावा लागतो. त्याला लोकांकडं पाठ करावी लागती. त्रेचाळीस वर्सांत टाळ्या वाजवणारं एक तोंड मला दिसलं न्हाई. तेवढं तुला सोसंल का, सांग."

शिदानं हातातल्या क्लॅरिनेटकडं बघितलं. मग विचारलं, "आन माझी चाल?"

"गणपा वाजवील."

सात मिनिटं, ज्यांच्यासाठी सहा महिने तालीम केली होती. शिदानं गणपाकडं बघितलं. क्लॅरिनेट त्याच्या शेजारी खुर्चीवर ठेवलं. छडी घेतली आणि पेटीवर चढला.

वर चढल्यावर त्याला तो दिवा समोर दिसला, सरळ डोळ्यांसमोर. उजव्या हातातली छडी त्यानं उभी केली, आणि डावा हात पालथा करून खाली धरला. हळू. गणपानं जिथं तुटलं होतं तिथनं यमन धरला. शिदासारखा चढा नव्हता त्याचा सूर, हरकती नव्हत्या, पण ओलावा होता. दोघं इतकी वर्षं शेजारी शेजारी बसून वाजवत आले, त्यामुळं वाजवताना गणपाचं तोंड कसं होतं हे शिदानं कधी बघितलंच नव्हतं. आज बघितलं. डोळे भरलेले होते आणि ठेका सुटला नव्हता.

वरच्या सुराला गणपा हळूच टेकला आणि खाली आला. चाल संपली. मागं लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही दबक्या. शिदानं वळून बघितलं नाही. समोर त्या तिसऱ्या घराची लावलेली फळी कुणीतरी आतनं उघडली, तेवढं त्यानं बघितलं.

ज्याच्या हातात कसलीही छडी येईल, मग ती शाळेतली असो, घरातली असो नाहीतर गावकीतली, त्यानं ती उचलायच्या आधी एकदा रस्ता चालून यावं.

दुसऱ्या दिवशी गावात लग्न नव्हतं, मिरवणूक नव्हती, काही नव्हतं. शिदा सकाळी चपला घालून बाहेर पडला, आणि बाजारतळाच्या त्या तिसऱ्या दारापासनं सुरुवात करून एकेक दार विचारत गेला.