शिंगांची काळजी

माणसं शेंगा पोत्यात भरायला शिकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. चिंचेच्या ढोलीत एक खार आपल्या पिल्लांना घेऊन राहायची. तिचा जीव सदा टांगणीला. पान सळसळलं तरी ती पिल्लं मोजायची.

हे ओळखूनच साळुंकी तिच्याकडे यायची. "खारूताई, उद्या तुमचे पंख गळाले तर? आज थोड्या शेंगा दे, गळाले की दसपट देईन." खार लगेच शेंगा काढून द्यायची. मग शिंगं मोडली तर काय, म्हणून आणखी शेंगा गेल्या.

"अगं, आपल्याला शिंगं आहेत का?" वरच्या फांदीवरच्या जाऊबाईंनी विचारलं.

"आज नाहीत हो. पण पोरं वाढीची आहेत!"

पावसाळ्यात ढोलीत पाणी शिरलं आणि उरलेल्या शेंगा कुजल्या. पिल्लं भुकेनं रडू लागली, तशी खार साळुंकीकडे धावली.

"शिंग मोडलं का?" साळुंकीनं विचारलं.

"नाही गं, ढोली भिजली!"

"अरेरे! ढोलीचं तर आपलं बोलणंच झालं नव्हतं."

शेवटी जाऊबाईंनी पिल्लांना आपल्यातलं खाऊ घातलं आणि खारीला टोमणा मारला, "घाबरायचंच तर आपल्या घराकडे बघून घाबरावं, बाई!"

सुगीला साळुंकी पुन्हा हजर. "ताई, पाठीवरचं कवच फुटलं तर?"

"कवच कासवाला असतं. त्याच्याकडे जा," खार ठसक्यात म्हणाली.

साळुंकी उडून गेल्यावर मात्र तिनं एकेका पिल्लाची पाठ हळूच चाचपून पाहिली.