पहिल्या निवडीचा गडी

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ही गोष्ट आपल्यापैकी कुणीच पाहिलेली नाही, इतकी जुनी. त्या दिवशी धुकं असं दाटलं होतं, की नदीच्या या काठावरून तो काठ दिसत नव्हता.

दोन काठांवर दोन गावं. दरवर्षी नदीच्या वाळूत त्यांचा हुतूतूचा सामना व्हायचा. गडी मात्र डोंगरावरच्या वाड्यांमधून निवडायचे. रीत अशी, की जे गाव हरलं त्यानं आधी निवडायचं, म्हणजे खेळ एकतर्फी होत नाही. कुणी गडी काढून टाकला, तर तो पुन्हा निवडीला उभा राही.

आदल्या साली अलीकडचं गाव हरलं होतं. त्यांचा वस्ताद हैबती पुढे झाला. धुक्यातून भिवा नावाचा धिप्पाड पोरगा आला, तसा हैबतीनं त्याचा दंडच धरला. "हा माझा!"

पलीकडच्या वस्तादानं सोमा नावाचा काटकुळा निवडला. हैबती हसला, "वस्ताद, ह्याला वाऱ्यात सोडू नका हो, उडून जाईल!"

हैबतीनं भिवाला दूधतूप चारलं, पारावर बसवलं. आल्यागेल्याला म्हणायचा, "बघा, ह्याला म्हणतात निवड!"

भिवा विनवायचा, "वस्ताद, माझा दम पुरत नाही. शिकवा की."

"अरे, तुला बघूनच पळतील ते. उगाच वाळूत पाय मुरगळून घेशील."

सामना झाला. भिवा हुतूतू करत गेला आणि भर गड्यांत त्याचा दम तुटला. सोमा मात्र एका दमात शिवून परत आला. गाव पुन्हा हरलं.

हैबती सगळ्यांदेखत ओरडला, "पोकळ निघालास! जा, डोंगरावर जा."

भिवाची आई लेकासाठी भाकरी घेऊन आली होती. तिनं सोडलेलं फडकं परत बांधलं, आणि दोघं खाली मान घालून गेली.

पुढच्या निवडीत भिवा पुन्हा उभा राहिला. हैबतीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पलीकडच्या वस्तादानं त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आपल्यात घेतलं.

मग नव्या वस्तादाच्या सांगण्यावरून रोज पहाटे भिवा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हुतूतू घुमवायचा. तो आवाज नदी ओलांडून हैबतीच्या अंथरुणापर्यंत यायचा. आधी तोकडा होता, मग लांबत गेला. हैबती कानावर घोंगडं ओढायचा.

त्या साली हैबतीच्या गड्यांना भिवानंच बाद केलं. जिंकल्यावर तो घामेजलेला तसाच आला आणि हैबतीच्या पायाशी वाकला. "वस्ताद, मला आधी तुम्हीच ओळखलंत."

आशीर्वादाला हैबतीचा हात उठेना. पागोट्याचं टोक तोंडावर ओढून तो घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला.

शेजारची भागूआक्का तांब्याभर पाणी घेऊन आली. हैबती पुटपुटला, "आक्का, माझी नजर चुकली गं."

आक्का म्हणाली, "नजरेवर ढकलून सुटू नकोस, हैबती. पोरगं तू बरोबरच निवडलं होतंस. पण निवडलेल्याला जो घडवत नाही, त्यानं त्याला पोकळ म्हणू नये."