कासारणीची फुकटातली बाग

तळ्याकाठच्या एका गावात एक कासारीण राहत होती. भाव करण्यात तिला हरवील असा माणूस त्या पंचक्रोशीत अजून जन्माला यायचा होता. तेलवाला असो, कापडवाला असो, नाहीतर भांड्यांना कल्हई लावणारा असो, त्याने सांगितलेला भाव तिने उभ्या जन्मात दिला नव्हता. ती नुसतं "एवढे?" म्हणायची. ते अशा सुरात, की समोरच्याला आपण चोरी करताना सापडलो असं वाटावं.

बाजारातून परतली की ओट्यावर थांबून शेजारणींना विचारायची, "बघा बरं, कितीला आणलं असेल?" शेजारणी मुद्दाम चढा आकडा सांगायच्या. तिचा चेहरा असा काही फुलायचा, की तो बघायला त्यांनाही मजा वाटायची.

बाई वाईट नव्हती हं. पण दिवसभर बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या आणि प्रत्येकीने दोन पैसे कमी करायला लावायचे, अशा धंद्यात माणूस घासाघीस शिकणार नाही तर काय शिकणार?

तिच्या घरामागे ऐसपैस परस होतं. तिथली माती काळीभोर आणि भुसभुशीत, काठी टोचली तर निम्मी आत जावी अशी. पण ती माती मुळात तिथली नव्हतीच. कासारणीची सासू लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा परसात नुसता मुरूम होता, गवताची काडीसुद्धा उगवत नव्हती. मग दर वैशाखात तळं आटलं की सासू तिथला गाळ पाटीत भरायची, पाटी डोक्यावर घ्यायची आणि परसात आणून ओतायची. असं करता करता तिचे केस पांढरे झाले, तेव्हा कुठे त्या मुरमावर वांगी-दोडकी लगडायला लागली.

एका फाल्गुनात सासू सुनेला म्हणाली, "पोरी, आता माझे गुडघे वाकत नाहीत. भाजीपाला पुरे झाला. फुलझाडं लाव, बसायला एक कट्टा कर. संध्याकाळी जाईचा वास घेत तिथं बसले की मला सगळं मिळालं. परस आजपासून तुझ्या हवाली." एवढं बोलून ती नातवाच्या लग्नासाठी लेकीच्या गावाला निघून गेली.

सासूने इतक्या वर्षांत सुनेजवळ काही मागितलं असेल, तर ते हेच. कासारणीने मनाशी ठरवलं, म्हातारी परत येईपर्यंत अशी बाग करायची की तिने दारातच थांबून तोंडावर हात ठेवावा.

तिने बागा करणारी एक माळीण बोलावली. माळीण परसात शिरली, मूठभर माती उचलली, चुरून पाहिली, वास घेतला आणि खूश होऊन पुन्हा खाली टाकली. मग तिने आपला भाव सांगितला.

"एवढे?" कासारीण म्हणाली. "काय सोन्याची रोपं लावणार आहेस?"

"भाव सांगितला, बाई. पटला तर बोलवा," माळीण म्हणाली.

"निम्मे घे."

"निम्म्यात निम्मीच बाग होते," असं म्हणून माळीण चालायला लागली.

खरं तर त्या भावात वर्षभराची राखण होती. उन्हाळ्यात मशागत, पावसात लावणी, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं रोप, सगळं त्यातच होतं. पण माळणीचा स्वभाव तिरसट. भाव सांगायची, भावात काय काय आहे ते सांगणं म्हणजे तिला विनवण्या केल्यासारखं वाटायचं. दोन वाक्यं जास्त बोलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुमचा-आमचा वेळ वाचला असता.

दुसऱ्या दिवशी एक बागवाला आपणहून दारात आला. डोक्याला कडक फेटा, जिभेवर साखर.

"ताई, ऐकलं की बाग करायची आहे. आपण करून देऊ. झाडं आपली, माणसं आपली."

"आणि पैसे?" कासारणीने कंबरेवर हात ठेवून विचारलं. लढाईला ती अगदी तयार होती.

"तुमच्याकडून पैसे घ्यायचे? छे छे! जागा जरा उंचसखल आहे, ती सपाट करावी लागेल. सपाट करताना जी काही माती निघेल ती मी घेऊन जाईन. तुमच्या दारात ढीग नको म्हणून हो."

कासारणीने कंबरेवरचे हात खाली घेतले. जिथे मुळात भावच नाही, तिथे कमी काय करायला लावणार? पण सवय कुठली स्वस्थ बसू देते!

"फुकट तर करणारच आहेस. वर शेवंतीची दोन रोपं दे."

"दोन कशाला? चार घ्या!" बागवाला हसून म्हणाला.

इथे खरं तर तिने सावध व्हायला हवं होतं. धंद्यातली गोष्ट तिला पुरती ठाऊक होती. विकणारा पहिल्याच बोलीला खुशीने बांगडी देऊन टाकतो, तेव्हा ती बांगडी कुठेतरी पिचलेली असते. तिने स्वतःसुद्धा तशा चार-दोन खपवल्या होत्या. पण जिंकल्याच्या आनंदात माणसाला आपलीच विद्या आठवत नाही. कासारणीने मान डोलावली आणि बागवाल्याने बैलगाड्या बोलावल्या.

गाड्यांवर गाड्या भरून माती निघाली. एका शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "काकू, किती ती माती जातेय?"

"अगं, जागा उंचसखल होती ना," कासारीण म्हणाली.

"मला तर कधी दिसली नाही उंचसखल."

"तुला बागेतलं काय कळतंय!" असं म्हणून कासारणीने गाडीवानांना चहा दिला. आपली माती नेणाऱ्यांना वर घरचा चहा! तोही गूळ घालून.

बाग मात्र झाली. नजर ठरेना अशी झाली. जमीन ताटासारखी सपाट, वर काळ्या मातीचा पातळ थर, कडेने चुन्याने रंगवलेले दगड, मधोमध गुळगुळीत कट्टा, आणि फुलांनी भरलेली रोपं ओळीत उभी. बांगड्या भरायला येणारी प्रत्येक बाई आधी परसात डोकावून यायची. "किती लागले हो?" असं कोणी विचारलं की कासारीण आधी पाणी प्यायची, मग पदर सावरायची आणि मग म्हणायची, "एक छदामसुद्धा नाही."

पुढे चैत्राचं ऊन चढलं. आधी शेवंतीने माना टाकल्या. मग जाईची पानं पिवळी पडली. कासारणीने सकाळ-संध्याकाळ घागरींनी पाणी घातलं. ते पाणी वरच्या वर वाहून जायचं, आणि जे मुरायचं ते कुठे नाहीसं व्हायचं कळत नव्हतं. ती बागवाल्याला शोधायला गेली. तो गाव सोडून कधीच निघून गेला होता.

अशात सासू परत आली. पिशवी ओट्यावर ठेवून ती तडक परसात गेली. कासारीण मागोमाग धावली आणि घाईघाईने म्हणाली, "आत्याबाई, उन्हाने जरा सुकलीय. पण कट्टा बघा, कट्टा किती छान झालाय!"

सासूने कट्ट्याकडे पाहिलंच नाही. ती अनवाणी होती. जमिनीवर पाऊल ठेवलं आणि तिथेच थबकली. पायाने वरची धूळ बाजूला केली. खाली लालसर, टणक मुरूम होता, ती नवी नवरी होती तेव्हा होता अगदी तसा.

"माती कुठं गेली?" सासूने विचारलं.

 तेव्हा कुठे कासारणीच्या डोळ्यांसमोर त्या गाड्या आल्या, एकामागून एक भरून गेलेल्या.  ती तशीच गाड्यांच्या वाटेने चालत सुटली. वाट गावाबाहेरच्या वीटभट्टीपाशी संपली.

"माझ्या परसातली काळी माती इथे आली का?" तिने भट्टीवाल्याला विचारलं.

"आली ना. फेटेवाल्याकडून मी रोख पैसे देऊन घेतली. फार चांगली होती हो माती. अशी हल्ली मिळत नाही."

"कितीला घेतलीस?"

भट्टीवाल्याने आकडा सांगितला. माळणीने मागितले होते त्याहून तो किती तरी जास्त होता.  कासारणीने पदराची गाठ सोडली आणि म्हणाली, "मी तेवढेच पैसे देते. माझी माती परत दे."

"कुठून देऊ, बाई? विटा झाल्या तिच्या."

"पैसे थोडे वाढवून देते."

जन्मात पहिल्यांदाच कासारीण भाव वाढवत होती. भट्टीवाला काही लबाड नव्हता, त्यालाही वाईट वाटलं. त्याने ढिगातली एक वीट उचलून तिच्या हातात दिली. वीट अजून कोमट होती.

"ही फोडली तर खडे होतील, बाई. माती नाही व्हायची. माझ्या हातात असतं तर दिली असती."

कासारीण वीट तिथेच ठेवून घरी आली. सासू कट्ट्यावर बसली होती. सुनेने तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "आत्याबाई, मला वाटलं फुकटात होतंय. तुमची सगळी वर्षं मी गाडीत भरून दिली," असं म्हणताना तिला हुंदका आवरेना.

सासूही रडली. तिला रागही आला होता, आणि तो तिने बोलूनही दाखवला. "मला एकदा निरोप धाडायचास! मी काय सात समुद्रापलीकडे होते?"  शेवटी सासूने डोळे पुसले आणि म्हणाली, "रडून माती भिजेल, वाढायची नाही. वैशाख तोंडावर आलाय, तळं आटेल. तू उद्या त्या माळणीकडे जा."

कासारीण गेली. माळणीने परस पाहिलं, कपाळावर हात मारला आणि नवा भाव सांगितला. आधीपेक्षा तो बराच जास्त होता.

कासारणीच्या ओठांवर "एवढे?" आलंच होतं. तिने ते गिळलं आणि विचारलं, "यात काय काय आलं, ते मला समजावून सांग."

माळीण चकित झाली. मग तिने सांगितलं. गाळ आणायची गाडी, तो वाहणारी माणसं, शेणखत, पावसाळ्यातली लावणी, वर्षभराची राखण. एकेक गोष्ट ऐकताना कासारणीला कळत गेलं, की यातलं काहीच तोडण्यासारखं नाही.

"आधीच्या वेळी हे मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तुम्ही का नाही विचारलंत?" माळीण म्हणाली, आणि दोघींना हसू आलं.

"बरं, ऐक," कासारीण म्हणाली. "गाळ मी स्वतः वाहून आणीन. गाडीचे आणि माणसांचे पैसे तेवढे कमी कर."

माळणीने आनंदाने कमी केले. आता यालाही भाव करणंच म्हणतात. फरक इतकाच, की जेवढं कमी झालं तेवढं कासारणीने आपल्या डोक्यावर घेतलं.

वैशाखात तळं आटलं. कासारीण पहाटे उठून गाळ वाहू लागली. मान अवघडली, खांदे भरून आले, टाळूवरचे केस झडले की काय असं तिला वाटायला लागलं. सासू परसाच्या दारात बसून पाटी कुठे ओतायची ते काठीने दाखवायची. पाऊस पडल्यावर माळणीने लावणी केली. दोन रोपं मेली, ती तिने न सांगता बदलून दिली. पुढच्या वर्षी कट्ट्यालगतच्या वेलावर जाईची फुलं आली. फार नाही, ओंजळभर. सासूला तेवढी पुरली. संध्याकाळी ती तिथून उठायचं नावच घेईना.

पण माती अजून वीतभरच जाड झाली होती. म्हणून पुन्हा वैशाख आला तेव्हा कासारीण पुन्हा पाटी घेऊन तळ्यात उतरली. काठावर तीच कुंपणापलीकडची शेजारीण उभी होती. तिलाही आता बाग करायची होती.

"काकू, तुमचं बरं आहे हं," शेजारीण म्हणाली. "हा गाळ अगदी फुकट मिळतो, नाही?"

कासारीण वाकलेली होती ती सरळ झाली. गाळाने भरलेली पाटी तिने दोन्ही हातांनी उचलली आणि शेजारणीपुढे धरली.

"ये," ती म्हणाली. "ही डोक्यावर घे, माझ्या परसात ओतून ये, आणि मग मला सांग कितीला पडली ते."

तात्पर्य एवढंच, की पैसे मागणाऱ्याला "एवढे?" म्हणण्याआधी "कशाकशाचे?" असं विचारावं, आणि जो काहीच मागत नाही, तो जाताना काय नेणार आहे हे विचारल्याशिवाय त्याला दार उघडू नये.