चांदीचा पूल

एका राज्यात दोन पूल होते. दगडी पूल नदीवर, चांदीचा पूल दरबारात. दगडी पूल राजा मणिध्वजाच्या पणजोबांनी बांधला. चांदीचा पूल मांत्रिक विषाणानं घडवला, हातभर लांब, हुबेहूब तसाच. "महाराज, नदीकाठी चिखल असतो," मांत्रिक म्हणाला. "पूजा याची करा. इथे कराल ते तिथे पोचेल."

राजाला पटलं. चिखल कुणाला हवा असतो! दरवर्षी चांदीचा पूल चिंचेनं घासून लखलखीत होई, त्याला हळदकुंकू लागे, प्रधान माना डोलावत. आणि तिकडे नदीवर चिरे निखळत, कमानींतून पिंपळ फुटे, गाड्या माणसांसकट खाली जात. मेलेल्यांच्या घरी राजाचा नारळ जाई. मग दवंडी पिटत, की नदीच अवखळ आहे. लाज म्हणून नव्हती कुणाला!

नदीच्या अलीकडे येसू राहत होती. तिचा नवरा त्याच पुलावरून पडून गेला होता. घरी आलेला नारळ तिनं नदीत भिरकावला होता. आता पलीकडे दिलेली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पलीकडे सुईण नव्हती आणि नदीला दुसरी वाट नव्हती. येसू खांब बघायला गेली, तर भेगेतून साळुंकी बोलली, "बाई, या भेगेत मी एकटी मावत नव्हते. आता माझं सगळं गणगोत मावतं."

येसू तडक दरबारात गेली.

"पुरावा आण," राजा म्हणाला. "तीनदा ऐकून घेईन."

येसूनं भुगा होत चाललेला चिरा डोक्यावर आणला. पण महालाच्या उंबऱ्यावर विषाणाचा मंत्र होता. पुलावरचं काहीही आत आलं की साजरं होई. चिऱ्याचा स्फटिक झाला. दरबार वाहवा म्हणाला.

येसूनं साळुंकीला आणलं. साळुंकीच्या चोचीतून निघालं, "पूल अभंग आहे, महाराज दक्ष आहेत." बाहेर आल्यावर ती बिचारी कितीतरी वेळ दगडावर चोच घासत बसली.

तिसऱ्या खेपेला येसू रिकाम्या हातांनी आली. दिवस पूजेचा होता आणि लेकीची गाडी निघाली होती.

"महाराज, इथली पूजा तिथे पोचते ना? मग पूजा होईतो मांत्रिकांनी पुलाखाली उभं राहावं. वरून माझ्या लेकीची गाडी जाईल."

"यात काय अवघड?" राजा म्हणाला. "विषाण, जा."

"महाराज, तिथे चिखल आहे."

"पाय धुता येतात. जा."

मांत्रिकानं राजाचे पाय धरले. ही भीती पुलावरून आली नव्हती, त्याच्या पोटातली होती. तिला मंत्र साजरं करू शकेना. "नको, महाराज! तो पडेल! दर पूजेला त्याचंच बळ या चांदीत उतरलं आहे."

"ते परत कसं जाईल?"

"राजानं अनवाणी जाऊन, ही चांदी स्वतःच्या हातांनी खांबाला लावली तर."

"मग बसलात काय? उठा!" येसू ओरडली.

राजाला असं कुणी कधी बोललं नव्हतं. तो उठला. चांदीचा पूल छातीशी धरून अनवाणी धावत सुटला. वाटेत खड्ड्यात पडला, उठला, पुन्हा पडला. आपल्याच राज्यातले खड्डे त्याला आयुष्यात पहिल्यांदा लागले.

तो पोचला तेव्हा गाडी मधल्या कमानीवर होती आणि कमान करकरत होती. राजा गुडघाभर चिखलात उतरला, चांदी खांबाला टेकवली. ती वितळून भेगांत शिरली. चिऱ्याला चिरा धरून बसला. गाडी अलीकडे आली आणि लेक आईच्या गळ्यात पडली.

राजानं घाम पुसला. "बाई, पूल सांधला."

"आज सांधलात," येसू म्हणाली. "माझा धनी गेला तेव्हा कुठे होतात?"

राजाची मान खाली गेली.

तेव्हापासून त्या राज्याचा दरबार पुलाखाली भरतो. राजा मधल्या कमानीखाली बसतो, प्रधान शेजारच्या, आणि सगळ्यांत मोठी भेग होती तिथे विषाण. वरून गाडी गेली की सगळे मान वर करून बघतात. पूल अजून उभा आहे.