पायथ्याचे दगड

एका राज्यात, एका साध्या सकाळी, राणी हेमांगी वाल सोलत बसली होती. खिडकीत साळुंकी येऊन बसली.

"जुनी घाटवाट अडवणारा मांत्रिक महाराजांच्या हातून मेला," साळुंकी म्हणाली. "मरताना त्याने शाप दिला. महाराजांबरोबरची माणसे तिसऱ्या खिंडीत शिळा झाली. महाराज त्याच्या घावाने गेले."

राणीने हातातला वाल सोलून पुरा केला. "जेवले होते का?"

"जेवले होते. राणीसाहेब, वाटेवरच्या तीन झऱ्यांचे पाणी शिंपडले, तर शिळांची माणसे होतील."

राणी घागर घेऊन निघाली. त्या घाटाची रीत होती : चढणाऱ्याने पायथ्याशी दगड ठेवायचा, उतरल्यावर आपल्या हाताने ओढ्यात टाकायचा. दगड असेल तोवर माणूस वर आहे असे समजत. राजाचा दगड चपटा, तांबूस होता. राणीने शेजारी आपला ठेवला.

पहिल्या झऱ्यावर नाग होता. त्याने पैंजण मागितले, तिने दिले.

"आणि महाराज?" तिने विचारले.

"महाराज नाहीत, राणीसाहेब," साळुंकी म्हणाली.

दुसरा झरा दरीपलीकडे होता. वडाच्या पारंब्या धरून ती गेली. हात सोलून निघाले. तिने पुन्हा विचारले, साळुंकीने पुन्हा तेच सांगितले.

तिसरा झरा शापित सोन्याखाली होता. त्याला हात लावणारा माणूस दगड होई. राणीने वाळक्या फांदीने सोने बाजूला केले, पाणी भरले. या वेळी तिने विचारले नाही. खिंडीत राजा शेल्याखाली निजला होता.

तिने पाणी शिंपडले. शिळा हलल्या. पखालवाला रायाजी डोळे चोळत उठला. "कुणी हाक तरी मारायची. भाकऱ्या वाळल्या असतील."

"वाळल्या? मुंग्यांनी कधीच नेल्या," साळुंकी म्हणाली.

रायाजी हसला. मग त्याला शेला दिसला.

राजाला तिथेच अग्नी दिला. सगळे उतरले. शिळांतून उठलेल्या प्रत्येकाने आपला दगड ओढ्यात टाकला.

"राणीसाहेब, महाराजांचा मी टाकू?" रायाजीने विचारले.

"रीत ठाऊक आहे ना, रायाजी? ज्याचा त्याने."

वाट मोकळी झाली. बैलांचे तांडे पुन्हा घाट चढू लागले. राणी न्यायनिवाडे करते, वेळेवर जेवते.

पायथ्याशी चपटा, तांबूस दगड आहे. शेजारचा आपला दगडही राणीने अजून ओढ्यात टाकलेला नाही.