आभाळातली फुगडी

एकदा काय झालं, आभाळात मंगळागौर होती. हो, आभाळातच! हसू नकोस मुक्ते, तिथेही नव्या नवऱ्या असतात. एका कोवळ्या चांदणीची पहिली मंगळागौर, आणि झाडून साऱ्या चांदण्यांना बोलावणं.

तिथे आली आभाळाई. म्हातारी, पांढऱ्या केसांची. तिच्या पोटच्या दोनच लेकी, थोरली तेजाक्का आणि धाकटी उजळा. दोघी एकेकाळी केवढ्या थोरल्या, केवढ्या झगझगीत! पण बरं का, तारे म्हातारे होतात. या दोघी एक दिवस भडकल्या, अंगातलं सगळं उधळून बसल्या आणि आक्रसून एवढ्याएवढ्याशा झाल्या. दिसायला सुपारी, पण वजन विचारू नकोस. त्यांच्या अंगाची चिमूटभर माती कुणी डोंगरावर ठेवली, तर डोंगर खाली जाईल!

म्हातारीचा जीव या दोघींतच अडकलेला. दुसरं होतं कोण तिला?

मग झिम्मा झाला, पिंगा झाला. मग कुणीतरी म्हणालं, आता तेजाक्का आणि उजळाची फुगडी होऊ दे. झालं! दोघींनी पदर खोचले. कैचीत हात धरले, पायाला पाय जुळवले, अंग मागे टाकलं आणि लागल्या फिरायला.

आता फुगडीत जी आधी हात सोडते ती हरते, हे तुला माहीतच आहे. आणि या दोघी हट्टी. कशा हट्टी, तर तुझ्यासारख्या!

पहिल्यांदा हळूहळू फिरल्या. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण आभाळाईची नजर बारीक. तिला दिसलं, प्रत्येक फेरीला दोघींचे हात जरा आखूड होतायत. वजनच एवढं, एकमेकींना ओढत होत्या ना त्या! म्हातारी म्हणाली, "पुरे गं, सोडा आता." उजळा म्हणाली, "अक्काला सांग आधी."

मग वेग वाढला. हात आणखी आखूड झाले. आभाळ हलायला लागलं. भरली परात घेऊन चालताना पाणी कसं हिंदकळतं, तसं सबंध आभाळ हिंदकळलं. बसलेल्या चांदण्या उठून उभ्या राहिल्या. म्हातारी ओरडली, "अगं तेजे, तू मोठी ना? सोड!" तेजाक्का हसली आणि म्हणाली, "मोठी म्हणून मीच का हरू?"

मग तर दोघी दिसेचनात. नुसता गरगरीत पट्टा! म्हातारी मधे पडायला धावली. "नको गं, माझ्या बायांनो, नको!" आणि...

माझ्या अंगावर काटा आला बघ. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुझ्याएवढी होते, तोंडाचा आ मिटेना माझा.

आणि दोघी एकमेकींवर आदळल्या! केवढ्यांदा आदळल्या म्हणतेस? पण आवाजच झाला नाही. आभाळात तारे आदळले तरी आवाज होत नाही, बरं का. नुसता उजेड फुटला. असा उजेड की साऱ्यांचे डोळे मिटले. आणि डोळे उघडतात तर काय? तेजाक्का नाही, उजळा नाही! जिथे फिरत होत्या तिथे एक काळंकुट्ट भोक. उजेड आत जायचा आणि बाहेर यायचाच नाही.

नवी नवरी तर रडायलाच लागली. म्हातारीने हाक मारली, "तेजे!" उत्तर नाही. "उजळे!" उत्तर नाही. "अगं दोघी, कुठे गेलात गं?" काही नाही. मग ती जवळ गेली आणि त्या काळोखाजवळ तिने भीत भीत हात नेला. हाताला काय लागलं असेल? तो काळोख गरागरा फिरत होता! म्हातारी रडता रडता म्हणाली, "मेल्यांनो, अजून हात सोडले नाहीत ना?" दोघी एक झाल्या होत्या, बाई. आता हरणार कोण आणि जिंकणार कोण?

मग म्हातारीने पदर डोळ्यांना लावला, आणि दचकलीच. पदर पिवळाधमक! त्या टकरीतून जे उडालं होतं ना, ते सोनं होतं. खरं सोनं! सगळीकडे भुरभुर पडत होतं. बायका म्हणाल्या, "आई, दागिने घडव याचे, घाल अंगावर." पण लेकींचं आई कसं घेईल? ती म्हणाली, "माझ्या दोघी कुणाच्या घरी नांदायच्या राहिल्या नाहीत. आता साऱ्या घरी नांदू देत." आणि तिने पदर झाडला.

खाली आपल्या पृथ्वीचा गोळा तेव्हा कुठे मळायला घेतला होता. त्यात त्या सोन्याची एक चिमूट पडली आणि मळली गेली.

तुझ्या कानात ती इवलीशी बाळी आहे ना, मुक्ते? चाचपून बघ. बघितलीस? ती त्यातलीच. अगं, अशी उठून काय बसतेस, डोळे केवढे केलेस! आहेच तसं ते. तुझ्या कानात तेजाक्का आहे आणि उजळाही आहे, त्यातली कुठली कोण ते त्यांच्या आईलाही सांगता यायचं नाही.

मग म्हातारी घरोघरच्या लेकींच्या कानांत, नाकांत, गळ्यांत आपल्या लेकी बघत सुखाने राहिली. आता त्या कुशीवर वळ. बाळी टोचेल, उशी नीट घे. आणि झोप, माझी सोन्याची.