सातव्या पायरीवरचे अंगठे

निमगोंदी स्टेशनाला अकरा पायऱ्या आहेत आणि सातव्या पायरीवर गेरूचे अंगठे. माझं घर स्टेशनाला लागूनच, त्यामुळे तिथलं काही माझ्या कानांतून सुटत नाही. तरी मागं एकदा नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, "त्या साहेबानं पोटची पोर ह्याच पायरीखाली..." आणि मेली मालगाडी धडधडत आली. पुढचं राहिलंच.

पाहुणे विचारतात, तेव्हा जुन्यांकडून ऐकलेलं मी सांगते.

साहेब हॉलंडचा, दिरक नावाचा. तिकडं त्याच्या मुलखात त्यानं चार स्टेशनं बांधली होती, म्हणे; हे पाचवं. जोतं पुरुषभर उंच घ्या, म्हणाला. मुकादम येसबा पाथरवट, म्हणजे आमच्या सासऱ्यांचे आजोबा, हसले. "साहेब, इथं म्हशीला डुंबायला पाणी नाही, अन् तुम्ही पुराला भिता?"

"आमच्याकडंही लोक हसायचे, येसबा. मीही हसलो. घर खाली बांधलं. मग पाणी आलं." एवढं बोलून तो पुन्हा जोत्याची उंची मोजायला लागला.

जोतं झालं. पण म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवेनात, पोटुशींना धाप लागे. गावानं वर अर्ज धाडला, की साहेब खुळा आहे, याला हलवा. साठ अंगठे उठले, पहिला येसबांचा. साहेबाला परत पाठवलं. त्यानंतर त्याला कुणी स्टेशन बांधायला दिलं नाही, असं सांगतात.

तिसऱ्या वर्षी गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सोनवट नदी गावात शिरली. घरं गेली. माणसं म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन स्टेशनावर चढली. पाणी सातव्या पायरीला टेकलं आणि तिथंच थांबलं, म्हणे.

ओसरल्यावर येसबांनी गेरू कालवला आणि त्या पायरीवर अंगठा उमटवला. "अर्जावरचा आता पुसता येत नाही," म्हणाले. साहेबाला कळवावं, तर पत्ता कुणापाशीच नव्हता.

गेल्या वैशाखात ती पायरी खचली. फरशी उचलताना मी पदर खोचून सगळ्यांत पुढं. हाडं-बिडं काही नव्हती. आपल्याकडची नव्हे अशी एक लाल वीट होती, तिच्यावर अक्षरं कोरलेली. स्टेशनमास्तरांनी वाचली : "नील्चे. वय सहा." पोरीचं नाव आहे, म्हणाले. म्हणजे पोर नव्हतीच तिथं. तिचं नाव तेवढं होतं. वीट तशीच ठेवून फरशी बसवली.

आजही अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी घरटी एक अंगठा त्या पायरीवर उमटतो. पहिला मान आमच्या घराचा. यंदा मी अंगठ्याशेजारी करंगळीही टेकवली, लहानशी.